वाकलेल्या पिना

ती रुग्णवाहिका चालवायची. तिथं चालकाला पायलट म्हणतात, म्हणून सगळे तिला पायलटबाई म्हणायचे. दिवसभर सायरन वाजवत गर्दीतून वाट काढायची आणि घरी येऊन हातपाय धुतले की पुन्हा गाडीच चालवायला बसायची. फक्त ही गाडी कॉम्प्युटरमधली. चौघांचा खेळ होता. शत्रूच्या मुलखातून रसद भरलेला ट्रक पलीकडे न्यायचा. ट्रक तिच्याकडे, बंदुका दोघांकडे आणि हुकूम सोडायचं काम परगावी राहणाऱ्या मावसबहिणीकडे. लग्नं झाली, गावं बदलली, पण या दोघी बहिणी त्या ट्रकमध्ये भेटायच्याच.

खेळाची नवी आवृत्ती आली आणि पायलटबाईच्या जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. ऐन पुलावर पडदा गोठायचा. पुन्हा हलेपर्यंत ट्रक नदीत.

"अगं, ब्रेक तरी मार!" मावसबहीण हेडफोनमधून कानात ओरडायची.

"मारला गं! याला कळायला वेळ लागतो."

"मग नवा घे बाई. तुझ्यापायी आम्ही तिघं पोहायला शिकलो."

हा कॉम्प्युटर दादानं, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, जोडून दिला होता. त्याला फोन केला तर तोही तेच म्हणाला. "किती ठिगळं लावशील? भंगारात दे आणि नवा आण." कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मात्र ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगितलं. मशीन न बघताच.

आणि एक दिवस त्याच दुकानातून फोन आला. "तुमच्या मिस्टरांनी नवा कॉम्प्युटर बाजूला ठेवायला सांगितलाय. कधी पाठवू?"

नवरा बेकरीतून आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत पीठ होतं. तिनं त्याला हात धुवायलाही सवड दिली नाही.

"मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"मग?"

मोठ्या हौसेनं ठरवलं होतं त्यानं. त्याचा पडलेला चेहरा पाहून ती नरमली, पण मागे हटली नाही.

"नवा नकोच असं नाही रे माझं. पण याला नक्की झालंय काय, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. पेशंटची नाडी न बघताच सगळे म्हणताहेत, न्या उचलून! रविवारपर्यंत थांब. मी बघते, मग काय ते ठरवू."

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्यावर तिनं खेळ सुरू केला आणि कोणत्या भागावर किती ताण येतो ते दाखवणारी खिडकी शेजारीच उघडून ठेवली. ट्रक पुलावर आला, पडदा गोठला. पडद्यावरची चित्रं सांभाळणारं ग्राफिक्स कार्ड निवांत होतं. सगळी आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसरच्या तोंडाला मात्र फेस आला होता. दुकानदाराचं ऐकलं असतं तर रोग म्हशीला आणि औषध पखालीला अशी गत झाली असती. तिनं आणखी शोधाशोध केली. आहे त्याच मदरबोर्डावर बसेल असा, याहून कितीतरी दमदार प्रोसेसर मिळत होता. नवऱ्याला सांगून तिनं तो कोपऱ्यावरच्याच दुकानातून आणला. "स्वतः बसवणार?" दुकानदारानं विचारलं. "बसवीन," ती म्हणाली.

रविवारी जेवणाचं टेबल पुसून तिनं कॉम्प्युटर आडवा केला आणि झाकण काढलं. आतली धूळ ब्रशनं झाडली. प्रोसेसरवरचा पंखा काही निघेना, दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून दगड झाली होती. तिनं जोर लावला आणि पंख्याला चिकटून जुना प्रोसेसरच मुळासकट उपटून आला. त्याच्या पोटाखालच्या, केसासारख्या बारीक पिनांची एक अख्खी रांग वाकली होती.

"जाऊ दे. म्हातारा रिटायरच होणार होता," ती म्हणाली. पंख्याला चिकटलेला जुना सोडवला, ताजी पेस्ट लावून नवा बसवला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा तो काळाच.

सगळं काढून पुन्हा बसवलं. तेच. शेवटी दादाला स्पीकरवर फोन लावला.

"अगं, त्या बोर्डाला हा नवा माहीतच नाही," दादा म्हणाला. "जुन्या प्रोसेसरवर सुरू करून आधी बोर्डाचं सॉफ्टवेअर बदलायचं, मग हा लावायचा."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? मी तर भंगारात दे म्हणालो होतो."

नवरा टेबलापाशी येऊन उभा होता. "म्हणजे नवी सून आणण्याआधी सासूच्या कानावर घालायला हवं होतं," तो म्हणाला. तिला हसायचं नव्हतं, तरी हसू फुटलंच.

"आता जुन्याच्या पिना मोडल्या असतील तर खेळ खलास," वाकलेल्या पिनांचं ऐकून दादा फोनवर म्हणाला. "उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस. नाद सोड."

"मोडल्या नाहीत, वाकल्यात. ठेव फोन."

तिनं खिडकीजवळ खुर्ची ओढली. शिसं बदलता येणारी खटक्याची पेन्सिल घेऊन तिच्यातलं शिसं काढलं आणि पोकळ टोक एका पिनेवर चढवलं. ते दोनदा निसटलं. नवरा म्हणाला, "कोपर टेबलावर टेक. केकवर नाव लिहिताना मी तेच करतो. आणि एका दमात सरळ करू नकोस, थोडं थोडं कर." त्यानं टॉर्च धरली. एकेक पीन ती हळूहळू उभी करत गेली. एक इतकी लवली की दोघांनीही डोळे मिटले. उघडले तर ती जागेवर होती.

जुना प्रोसेसर खाचेत अलगद उतरला. वर पंखा चढवून बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली. बोर्डाचं सॉफ्टवेअर बदलेपर्यंत दोघं आयसीयूबाहेरच्या नातेवाइकांसारखे पडद्याकडे नजर लावून बसले. मग उबेनं पेस्ट मऊ झालेली असतानाच तिनं पंखा हलकेच फिरवून सोडवला आणि नवा प्रोसेसर बसवला. या वेळी तो चालला.

"तो दुकानातला नको म्हणून मीच कळवतो," नवरा म्हणाला. जरा थांबून त्यानं विचारलं, "पण कधी ना कधी नवा लागेलच ना?"

"लागेल की. तेव्हा दोघं जाऊन बघू. पण मला न विचारता नाही."

संध्याकाळी चौघं खेळायला बसले. पूल आला. पायलटबाईनं दात आवळले. ट्रक सरसर पलीकडे गेला आणि तिघांनी कानात एकच गलका केला. त्या आनंदात तिनं पुढचं वळण भलत्याच वेगानं घेतलं आणि ट्रक थेट खड्ड्यात पालथा झाला.

"झालं! पुन्हा गोठला का गं?" मावसबहीण कळवळली.

"नाही गं, मस्त चालतोय," पायलटबाई म्हणाली. "या वेळी चूक माझीच. चला, पहिल्यापासून."