वाटीतली काजळी

गोदूबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मिठागरावरची माणसं हातातलं काम टाकून आली होती, बायका कुडाला चिकटून उभ्या होत्या, आणि मधोमध पाटावर बसले होते साक्षात वाटीबाबा! पांढरंशुभ्र धोतर, कपाळभर भस्म आणि गाडीवरच्या भोंग्यासारखा आवाज. समोर चटईवर गोदूबाईचा नातू मोरू उघडा निजवला होता. पोर अजून धरून उभंही राहत नव्हतं, आणि छाती भरून त्याला धाप लागली होती. गावात ह्यालाच 'डबा' म्हणत.

"डबा भरलाय पोराच्या छातीत, डबा!" बाबा गरजले. "खाडीवरची हडळ बसलीय. पण माझ्या वाटीपुढं तिची काय टाप!"

बाबांनी पोराच्या पोटावर कणकेची चकती ठेवली, तिच्यावर कापूर पेटवला आणि काठाला ओली कणीक लावलेली पितळी वाटी त्यावर पालथी घातली. काहीबाही पुटपुटले. मग वाटी ओढली, तर निघेना! कातडी वर उचलली गेली, पण वाटी सुटेना. "आई गो!" बायकांचे हात जोडले गेले. जरा वेळानं बाबांनी वाटी सोडवली आणि तिचं आतलं काळंकुट्ट अंग सगळ्यांपुढून फिरवलं.

"हा बघा डबा! आला का नाय बाहेर? आता पोराला आत न्या. दिवेलागणीपर्यंत उंबरा ओलांडायचा नाय. ओलांडलात, तर हडळ परत येईल, मग मला बोल लावू नका!"

आणि खरंच, सकाळपासून किरकिरणारं पोर गप्प झालं होतं. बाबांनी नारळ, कोंबडी झोळीत घातली आणि पुढच्या गावाला गेले.

तेवढ्यात सगुणा आली. सगुणा म्हणजे मोरूची मावशी. शिकून नर्स झालेली. सध्या आजारी मुलं कशी तपासायची याचं प्रशिक्षण घ्यायला रोह्याला होती, शेजारच्या वरसे गावात खोली घेऊन राहत होती. सुट्टी म्हणून बहिणीला भेटायला आली होती.

"बघ गो सगुणे, कसा शांत झाला माझा बाळ," मोरूची आई पुतळी म्हणाली. किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं.

सगुणानं पोराचं झबलं वर केलं. श्वासागणिक मोरूच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. प्रशिक्षणात शिकवणाऱ्या कृष्णाबाई रोज बजावायच्या, "पोरींनो, रडणाऱ्या मुलात दम असतो. जे गप्प पडलंय, त्याच्याकडं आधी धावा."

"पुतळे, हा शांत नाय झाला. थकलाय. बरगड्यांखाली खड्डा पडतोय बघ. न्यूमोनिया हाय. ऊठ, पेणच्या दवाखान्यात न्यायचा, आत्ताच्या आत्ता!"

गोदूबाई दारात आडवी आली. "दिवेलागण होऊ दे. चार बुकं शिकलीस म्हणून माझ्या नातवाच्या जिवावर उठतेस व्हय गो?"

सगुणा पाया पडली, भांडली, ओरडली. बाहेर पुरुष नुसते बघत राहिले. उन्हं कलायला लागली तेव्हा मोरूचे ओठ निळे दिसू लागले, आणि पुतळीनंच सासूचा हात झिडकारून पोर छातीशी धरलं. रिक्षा पेणजवळच्या रामवाडीला पोचायच्या आत मोरूचा श्वास थांबला. पुतळी तरीही त्याचं अंग चोळत राहिली.

बाबांनी काय म्हणावं? "मी बजावलं होतं, उंबरा ओलांडू नका!" वा रे वा! वाटी खोटी पडलीच तर म्हणून उंबऱ्याची सोय या गृहस्थानं आधीच करून ठेवली होती. गावाला पटलं. मावशीनं भाचा खाल्ला, असं पाणवठ्यावर उघड बोललं जाऊ लागलं. त्याचंही सगुणाला काही वाटलं नसतं. पण पुतळीनं तिच्याशी बोलणं टाकलं. पुतळीलाही तसंच वाटत होतं, आणि सगुणाचं काळीज त्यानं तुटत होतं.

कलिंगडं बाजारात आली तेव्हा गावातल्याच धोंडुबाईची नात तापली, छाती भरली. पुन्हा निरोप गेला, पुन्हा बाबा आले, आता धोंडुबाईचं अंगण भरलं. ह्या वेळी सुट्टीवर आलेली सगुणा काखेत कलिंगड घेऊन गर्दीतून पुढं आली.

"बाबा, आधी ह्याला बघा. ह्याला पण डबा झालाय."

लोक फिदीफिदी हसले. सगुणा हसली नाही. तिनं कलिंगडावर कणकेची चकती ठेवली, कापूर पेटवला, काठाला ओली कणीक लावून घरची वाटी पालथी घातली आणि दाबून धरली. मंत्र नाही, तंत्र नाही. मग वाटी ओढली. वाटीबरोबर कलिंगड फरपटत आलं.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"कापरानं आतली हवा तापते, फुगून थोडी बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आणि बाहेरची हवा वाटी दाबून धरते. एवढंच." तिनं वाटी सोडवली, आतून बोट फिरवून काळं बोट सगळ्यांना दाखवलं. "ही कापराची काजळी. कलिंगडात कुठली हडळ बसली होती, सांगा बाबा!"

"देवाची थट्टा करतेस? भोगशील!" म्हणत बाबांनी झोळी उचलली. कोणी अडवलं नाही, कोणी पाया पडलं नाही.

गर्दीच्या मागून पुतळी पुढं आली. तिनं कलिंगडाला हात लावला. "म्हणजे... उंबरा ओलांडला म्हणून नाय ना गेला गो तो?"

सगुणाला खोटं बोलता आलं असतं. "नाय गो बाय. उशिरा ओलांडला, म्हणून गेला."

पुतळी बहिणीच्या गळ्यात पडून इतक्या दिवसांचं रडली. गोदूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसते ओठ हलत होते. मग ती आत गेली, तिनं धोंडुबाईच्या नातीला उचललं, तिचं झबलं वर केलं आणि बरगड्यांखाली बघितलं.

"खड्डा पडतोय गो सगुणे," ती म्हणाली. "चला, रिक्षा बघा कोणीतरी!" आणि पोर घेऊन तिनंच उंबरा ओलांडला.

ती पोर वाचली. आयाबायांनो, तुमच्याही दारी कोणी वाटी घेऊन येईल. त्याला हात जोडायच्या आधी पोराचं झबलं वर करा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मोरूच्या वेळी अख्खं गाव वाटीकडं बघत होतं.