मुरलेल्या लाकडाचा नाद

"नाद पुरता विरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, चिगुसा. विरला असं वाटलं की आणखी एक श्वास थांबायचं. मग बोल काय बोलायचं ते."

बाबांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चिगुसा एवढीशी होती. पूर्वजांच्या देवघरापुढे छोट्याशा गादीवर वाटीसारखी पितळी घंटा असे, तिच्यासमोर गुडघे टेकून बसायला ती नुकती शिकत होती. आता तिचेच केस पिकले होते आणि बाबा देवघरातल्या तसबिरीत जाऊन बसले होते. रोज पहाटे ती वाफाळत्या भाताची वाटी आणि पाणी ठेवी, घंटेच्या काठावर एक टोला देई, हात जोडी आणि गप्प राही. त्या घंटेचा नाद सरळ जात नसे. दूर निघालेल्या माणसानं पुन्हा पुन्हा मागे वळून बघावं तसा तो हेलकावे खात जाई. चिगुसाला तो हजार घंटांत ओळखू आला असता.

बाबा म्हणजे इवाशिता सोकिची. हामामात्सुमध्ये पियानो आणि बासऱ्या बनवणारे पुष्कळ. बाबा स्पीकर बनवत. बोलणं कमी. गिऱ्हाइकानं फारच खोदून विचारलं तर म्हणत, "वाजायचं काम वाजवणाऱ्याचं. माझ्या खोक्याचं काम गप्प बसायचं." खोकं बनवून झालं की शेवटची तबकडी लावून अखेरपर्यंत ऐकायचं आणि कानाला पटलं तरच मागच्या फळीवर नावाचा लोखंडी ठसा तापवून उमटवायचा, असा त्यांचा नेम. जाण्याआधी तो ठसा त्यांनी मुलाच्या नव्हे, मुलीच्या हातात दिला. "ऐकल्याशिवाय उमटवू नकोस," एवढंच म्हणाले. चिगुसानं मान हलवली होती.

कारखाना आता धाकट्या भावाकडे, तोमोनोरीकडे होता. माणूस वाईट नव्हता. बाबांच्या वेळच्या एकाही कारागिराला त्यानं घरी बसवलं नव्हतं आणि त्याच काळजीनं त्याची झोप उडाली होती. "ताई, बाबांच्या वेळी लोक स्पीकर ऐकायला यायचे," तो म्हणे, "आता वाचायला येतात. स्पीकरच्या छापील माहितीपुस्तकात काय लिहिलंय ते वाचतात, मग तेच त्यांना ऐकू येतं."

ते छापील पुस्तक लिहिण्यासाठी त्यानं तोक्योहून काझामा नावाचा गृहस्थ आणला होता. काझामाचे कपडे काळे, चष्मा काळा, आवाज मात्र मधात भिजवलेला. नव्या स्पीकरसाठी गावातल्या मंदिराच्या जुन्या फळ्या वापरल्या आहेत हे कळताच त्यानं डोळे मिटले होते, आणि उघडले तेव्हा वाक्य तयार होतं: 'चारशे वर्षांचा घंटानाद पिऊन मुरलेलं लाकूड.'

चिगुसानं ते वाचलं आणि तिला ठसका लागला. मंदिराचं घंटाघर जागच्या जागी उभं होतं, त्याच्याखालून तर ती रोज जात असे. पाडली होती ती मागची लोणच्याची कोठी. त्या फळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुळ्याच्या लोणच्याचे पिंप सांभाळले होते.

"तोमो, हे घंटाघर कुठून आलं?"

"मी नुसतं मंदिराचं लाकूड म्हणालो होतो."

"आणि काझामा-सान?"

"ते म्हणाले, कोठीसुद्धा घंटेच्या आवाजाच्या टप्प्यातच होती ना?" तोमोनोरीनं नजर चुकवली. "मुरलेलं तर आहेच की गं लाकूड."

"मुरलेलं आहे," चिगुसा म्हणाली, "त्यात वाद नाही."

मुरणे हा शब्द या धंद्यात मिठासारखा वापरतात. नवा स्पीकर कर्कश वाजला तर तो अजून मुरलेला नसतो. घुमला तर मुरतोय. गिऱ्हाईक परत करायला आलं तर त्याला सांगायचं, जरा थांबा, मुरू द्या. तोवर गिऱ्हाइकाचे कान मुरतात, आणि सगळं सुरळीत होतं.

आता एकच गोष्ट उरली होती. बाबांचा ठसा. काझामाच्या मते ठशाशिवाय हे खोकं म्हणजे नुसतं महागडं फर्निचर. ठशासकट ते 'सोकिचींचा वारसा'. कुरामोची सेन्सेई, मासिकात तीस वर्षं आवाजावर लिहिणारे, ऐकायला येणार होते. त्यांचा होकार आला की तिथल्या तिथे, फोटोवाल्यासमोर, चिगुसानं ठसा उमटवायचा. "आणि तोपर्यंत ताई, तो दुसऱ्या कशावरही उमटवू नकोस," तोमोनोरी म्हणाला होता. "काझामा-सान म्हणतात, दुर्मीळ राहायला हवा."

"ऐकून झाल्यावर बघू," चिगुसा म्हणाली होती.

पण या दुर्मीळपणापायी तामारू आजी ताटकळल्या होत्या. स्टेशनामागे त्यांचं कॉफीचं दुकान. तिथला स्पीकरचा जोड बाबांनी तरुणपणी केलेला. ओलीनं मागच्या फळ्या गेल्या, म्हणून बाबांनी नव्या बसवायला घेतल्या, आणि काम अर्धं टाकून गेले. स्पीकरच्या आतल्या कागदी पडद्यांच्या नव्या कडा चिगुसानंच चिकटवून पुऱ्या केल्या. जोड परत जाऊन महिने झाले, पण नव्या फळ्या कोऱ्याच होत्या.

"वाजतात छान," आजी दर भेटीत म्हणत, "पण पाठ बघितली की वाटतं, पोराचं बारसंच राहिलंय. कधी येतेस गं चिगुसा-चान?"

"येते आजी. एक तबकडी अखेरपर्यंत ऐकेन, मग उमटवेन. शब्द देते."

"मी काही पळून जात नाही. वय पळतंय तेवढंच."

सेन्सेई आले तो दिवस कोरड्या वाऱ्याचा होता. ऐकण्याची बैठक काझामानं कारखान्यात न ठेवता देवघराच्या खोलीत मांडली होती. फोटोत वारसा दिसायला हवा. फक्त घंटा मधोमध येत होती, म्हणून त्यानं ती गादीसकट उचलून उजव्या स्पीकरच्या मागे ठेवली. चिगुसा चहा करत होती, तिला कोणी विचारलं नाही.

दुपारी वाम माशाचा भात झाला. सेन्सेईंनी मिशा पुसल्या, स्पीकरला वाकून नमस्कार केला आणि डोळे मिटून बसले. चेलोची तबकडी लागली. शेवटचा लांब सूर आला, थांबला. आणि थांबल्यावरही खोलीत काहीतरी उरलं. बारीक, थरथरतं, लांबत जाणारं. योइन. वाजून झाल्यावर मागे रेंगाळणारा नाद, ज्याच्यासाठी ही मंडळी घरं विकतात.

चहाचा ट्रे घेऊन दारात गुडघे टेकलेल्या चिगुसाच्या अंगावर काटा आला. नाद हेलकावे खात होता. मागे वळून वळून बघत चालला होता.

ती बोलली नाही. पुरता विरेपर्यंत थांबली, आणखी एक श्वास थांबली. तेवढ्या श्वासात सेन्सेई बोलून मोकळे झाले.

"चारशे वर्षं!" त्यांचे डोळे पाणावले होते. "लाकूड आठवतंय हो. खोकं गातंय!"

खोकं गातंय. देवघरातल्या तसबिरीकडे बघायची चिगुसाची छाती होईना.

"ताई," तोमोनोरी हळूच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता. "ठसा."

"आणते. पण मी नीट ऐकलं नाही रे, चहा आणत होते. पुन्हा एकदा लावाल?"

"लावा, लावा!" सेन्सेई म्हणाले. "अशा गोष्टीचा दुसरा घास आणखी गोड."

चिगुसानं चहा दिला, आणि उजव्या स्पीकरमागे कुणाला अडचण होणार नाही अशी जाऊन बसली. ट्रेवरचा रुमाल तिनं घडी करून घंटेत अलगद ठेवला.

चेलो पुन्हा वाजला. शेवटचा सूर आला, थांबला, आणि संपला. बाहेर वारा ऐकू आला.

"हं," सेन्सेई म्हणाले. "काय झालं?"

"वीज," काझामा तत्काळ म्हणाला. "या वेळी सगळे कारखाने चालू असतात, विजेत गढूळपणा येतो. म्हणून तर आमची जाणकार गिऱ्हाइकं घरासमोर स्वतःचा विजेचा खांब उभारतात."

"किंवा अजून पुरता मुरलेला नाही," तोमोनोरी म्हणाला.

"हवा," सेन्सेईंनी निकाल दिला. "कोरड्या हवेत लाकूड लाजतं. पुन्हा लावा."

चिगुसानं रुमाल काढून घेतला. तबकडी पुन्हा फिरली, सूर संपला, आणि नाद हेलकावत निघाला.

"बघा! आता मुरला!" सेन्सेई मांडीवर थाप मारून म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत मुरला!"

चिगुसा थांबली. नाद विरला. एक श्वास गेला. मग ती गुडघ्यांवरच पुढे सरकली आणि दोन्ही हातांनी घंटा समोर ठेवली.

"माफ करा, सेन्सेई. नाद हिचा आहे. चेलोचा तो सूर आणि हिचा सूर एकच. तो वाजला की हीही वाजते. मघाशी मी हिच्यात रुमाल ठेवला होता."

खोलीत अशी शांतता पसरली की बाबांना आवडली असती. फोटोवाल्यानं कॅमेऱ्याच्या काचेला नसलेली धूळ पुसली. तोमोनोरीचा रंग आला तसा गेला. सेन्सेईंनी चहा घेतला, तो संपेपर्यंत विचार केला, आणि म्हणाले, "मी आल्या आल्याच म्हणणार होतो. या खोलीत काहीतरी आहे."

चिगुसाला वाटलं, संपलं. बिचारा तोमो. कारागिरांना आता काय सांगणार? आणि खोकं तर वाईट नव्हतं. गप्प होतं तेव्हा चांगलं वाजलं होतं. रुमाल असतानाचा तो मधला चेलो, तोच तर तिच्या कानाला पटला होता. तेवढ्यासाठी ठसा देता येईल का, असा विचार तिच्या मनात डोकावतो न डोकावतो तोच काझामानं डोळे मिटले.

उघडले तेव्हा वाक्य तयार होतं.

"लाकूड चारशे वर्षं जिची वाट बघत होतं, ती घंटा." तो घंटेपुढे वाकला. "चिगुसा-सान, कसे आभार मानू? सोबत द्यायची! प्रत्येक जोडामागे एक. गादीवर सोकिचींचा ठसा. ही कुणी घडवली?"

"कुणास ठाऊक. स्टेशनसमोर देवघराच्या सामानाचं दुकान आहे ना, तिथली. अजून मिळतात."

"स्टेशनसमोर असं लिहायचं नाही," काझामा घाईनं म्हणाला.

"गादीचा रंग जांभळा ठेवा," सेन्सेई विचारपूर्वक म्हणाले. "जांभळ्यावर नाद जास्त उमलतो."

"मुरायला किती दिवस धरायचे, सेन्सेई?"

"घंटेला? छे, घंटेला बराच वेळ द्यावा लागेल."

दोघं कामाला लागले. फोटोवाल्यानं घंटा उजेडात नेली. तोमोनोरी मात्र ताईजवळ येऊन टेकला, लहानपणी काही फोडल्यावर टेकायचा तसा.

"ताई, हे चालेल बघ. खरंच चालेल. माणसं टिकतील." आवाज आणखी खाली गेला. "ठसा देशील ना?"

"ऐकून झाल्यावर बघू म्हणाले होते, तोमो."

"मग?"

"ऐकलं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तसबिरीकडे. काझामा पलीकडे 'गाणारं खोकं' असं मोठ्यानं म्हणून बघत होता. तोमोनोरीनं मान खाली घातली. खोक्याच्या कोऱ्या फळीवरून सावकाश बोटं फिरवली, आणि चिगुसाला तो त्या क्षणी बाबांसारखा दिसला.

"त्यांना सांगतो, ठसा सापडत नाहीये," तो शेवटी पुटपुटला.

"खोटं नको सांगूस. ताई घेऊन गेली म्हण."

फोटो काढून होताच चिगुसानं घंटा मागून घेतली, देवघरापुढे गादीवर नीट ठेवली आणि दारं लावली. स्वयंपाकघरातल्या फडताळातून लोखंडी ठसा काढला, बाबांच्या जुन्या पंच्यात गुंडाळला आणि सायकलच्या टोपलीत ठेवला. तापवायला तामारू आजींकडे कॉफीची शेगडी होतीच. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून, आवाज न करता तिनं फाटक लोटलं आणि वाऱ्याला तोंड देत स्टेशनामागच्या गल्लीकडे सायकल वळवली.