होडीचा सिनेमा आणि आमचा नळ

सिनेमातला गोरा माणूस सुरुवातीलाच तीनदा रडला. एकदा डोंगर बघून, एकदा स्वतःचीच होडी बघून आणि एकदा नुसतं पाणी बघून. होडी म्हणजे कयाक, माणसाला कमरेपर्यंत आत घालून बसवणारी लांबुडकी प्लास्टिकची होडी. त्याला पलीकडच्या काठाला जायचं नव्हतं, मासे धरायचे नव्हते, कुणाला पोचवायचंही नव्हतं. नदी जिथे सुरू होते तिथे बसायचं आणि समुद्राला मिळते तिथे उतरायचं, एवढंच. त्यासाठी तो बायको, दोन लेकरं आणि बहुधा दिवसरात्र वाहणारा नळ घरी सोडून आला होता.

तरी मी डोळे फाडून बघत होते, कारण मला जायचं होतं. आमच्या कॉलेजच्या साहस मंडळातून एकाच विद्यार्थ्याला हिमालयातल्या कयाक शिबिराला पाठवणार होते. सिनेमा बघायचा, त्यावर मनोगत लिहायचं, ज्याचं सगळ्यात चांगलं तो जाणार. मी सोयगावहून शिकायला इथे आत्याकडे आले, त्यापलीकडे माझा प्रवास नाही. वाहती नदी म्हणजे फर्दापूरकडे दिसते ती वाघूर, आणि तीही पावसाळ्यापुरती. मला खरंच, जीव तोडून जायचं होतं.

साहस मंडळाचे प्रमुख काकासाहेब सर. त्यांना पोहता येत नाही. गळ्यात शिट्टी असते. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. ते सुरुवातीलाच बोलले होते की ध्येय अर्ध्यावर सोडून माघारी फिरतो त्याला आपण माणूस म्हणत नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. आप्पासाहेबांच्या बोलण्याला टाळ्या वाजवायची आम्हाला सवयच आहे.

पडद्यावर गोऱ्याने पाण्याची अख्खी बाटली डोक्यावर रिकामी केली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे खाली बादली लाव बे!" हॉल हसला. सरांनी शिट्टी मारली.

तेवढ्यात मोबाइल उजळायला लागले. आमच्या भागात पाणी आठव्या दिवशी येतं, पण कोणत्या वेळी ते आधी कळत नाही. त्यामुळे आठव्या दिवशी घरात एक माणूस तरी तोटीवर नजर ठेवून बसलेला असतो आणि पाणी आलं की गल्लीभर निरोप फिरतात.

सगळ्यात आधी फोन वाजला आप्पासाहेबांचा. त्यांच्या बायकोचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत आला. "अहो, पाणी आलंय आणि मोटार सुरू होईना!" अध्यक्ष वाकून उठले आणि प्रोजेक्टरसमोरून गेले. त्यांची वाकलेली सावली पडद्यावरच्या नदीतून पायी चालत पलीकडे निघून गेली. त्यांना गाडीपर्यंत पोचवायला सर धावले, ते परतलेच नाहीत. सरांचं घरही आमच्याच भागात आहे.

मग काय, हॉल रिकामा. मी खुर्चीला चिकटून बसले. गोरा आता खडकांवरून उसळणाऱ्या सगळ्यात मोठ्या खळाळापाशी आला होता. पण माझ्या डोळ्यांपुढे द्वारका आत्या होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घर दुसऱ्या मजल्यावर, आणि नळाला जोर असा की पाणी वर चढत नाही. खालून हंड्याने न्यावं लागतं. मी उठले. दारातून वळून पाहिलं तर हॉलमध्ये आमच्या वर्गातला बद्रीनाथ एकटा मोबाइल घेऊन बसलेला. त्यांच्या बंगल्याला दोन बोअर आहेत. त्याला कशाची घाई!

ड्रम भरला, टाकी भरली, पातेली, कळशा, आंघोळीचा टब, सगळं भरलं. मी घामाघूम होऊन बसले तेव्हा आत्याने विचारलं, "कशाचा शिनेमा होता गं?"

"एक माणूस नदीत होडी घेऊन जातो."

"कुठं जायचं होतं त्याला?"

"कुठंच नाही."

"मंग काहून गेला?"

"गंमत म्हणून."

"लई रिकामा दिसतो," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, "लाव बरं मोबाइलवर. बघू तरी मेला का राहिला."

सिनेमा मोबाइलवर सापडला. आम्ही उरलेला भाग बघितला. गोरा त्या खळाळाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्याने होडी खांद्यावर घेतली, चढण चढून रस्त्यावर आला आणि बायकोला फोन केला. शेवटी तो आपल्या स्वयंपाकघरात लेकरांसाठी अंडी तळत होता. समुद्र कुठेच आला नाही.

"शाना निघाला की!" आत्या म्हणाली. "मला वाटलं, नुसतंच येडं हाय."

मी मनोगतात तेच लिहिलं. 'पुढचं पाणी आपल्याला झेपणार नाही हे नायकाला कळलं आणि तो घरी गेला. तिथे तो मला पहिल्यांदा आवडला. तोवर तो फार रडत होता.'

सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं, वाचताना चेहरा असा केला की जणू ताटात केस निघालाय. "सरूबाई," ते म्हणाले. आजीचं नाव मला ठेवलंय, आणि ते पूर्ण उच्चारायला सरांना फार आवडतं. "अर्ध्यातून उठून जायचं आणि शेवट मनाने लिहायचा?"

"सर, मी नंतर घरी पाहिला."

"बद्रीनाथ शेवटपर्यंत जागेवर बसला होता. तो लिहितो, नायक समुद्राला मिळाला आणि त्याने तिरंग्याला वंदन केलं."

"सर, तो गोरा होता."

वर्ग हसला. "तुम्ही पाहिला ना सर शेवट?" मी विचारलं. सरांनी शिट्टीशी चाळा केला आणि सांगितलं की साहस हा वृत्तीचा भाग आहे. निवड बद्रीनाथची झाली. तो वाईट मुलगा नाही. कँटीनमध्ये मला म्हणाला, "मॅच देख रहा था यार. नदी है तो आगे समंदर आयेगाच ना!" या मुलाला काय सांगायचं?

त्याच्या सत्काराची तारीख सरांनी ठरवली ती नेमकी पुढच्या पाण्याच्या दिवशी. तोच हॉल, तोच सोफा. आप्पासाहेब माइकपुढे उभे राहून सांगत होते, "बद्रीनाथ का जिंकला? कारण तो जागचा हलला नाही. सगळे पळाले, हा बसून राहिला!"

हॉलभर मोबाइल उजळले. टेबलावर ठेवलेला आप्पासाहेबांचा फोन थरथरला. त्यांनी तो पालथा घातला. "जो माघारी फिरतो," ते म्हणाले, आणि फोन पुन्हा थरथरला. त्यांचं बोलणं भरभर व्हायला लागलं. कपाळावर घाम आला. फोन काही थांबेना. अख्ख्या हॉलला माहीत होतं की फोन कुणाचा आहे आणि कशासाठी आहे. तरी सगळे गप्प, कारण विषय ध्येयाचा होता. मला त्या सगळ्यांची किळस आली.

मी उभी राहिले. "साहेब, पाणी आलंय."

"बस खाली!" सर ओरडले.

"माझी आत्या एकटी आहे, मी चालले. साहेब, तुम्हालाही यायचं असेल तर चला. सिनेमातला नायकसुद्धा माघारीच फिरला होता."

आप्पासाहेबांनी सरांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "पुढचा कार्यक्रम काकासाहेब बघतील," असं माइकमध्ये सांगून ते स्टेजच्या पायऱ्या उतरले, आणि त्यांच्या मागे अख्खा हॉल उठला. बद्रीनाथ गुच्छ धरून स्टेजवर उभा होता. फोटो काढणाराही निघून गेला होता.

घरापर्यंत मी हसत होते. नळाखाली हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावर हंडा हिंदकळला, थंड पाणी मानेवरून पाठीत गेलं. शिबिराची गाडी सोमवारी निघणार होती. ती माझ्याशिवाय निघणार होती.

दार आत्याने उघडलं. माझ्या तोंडाकडे बघून तिने हंड्याला हात घातला. "काय झालं गं? काहून रडू राहिली?"

"काही नाही," मी म्हणाले. "पाणी बघून."