पोटातलं पान

तुम्ही खोटं बोललात, सर. खुर्चीतून न उठता, वरोऱ्यापलीकडच्या या ताम्रवर्णी माळाला तुम्ही वांझ ठरवलंत. "तिथं नुसते गोटे आहेत," म्हणालात. "आज शेवटचं जा. जीवाश्म आणलास तर प्रबंधाचा विषय तुझा. नाहीतर मी देईन तो मुकाट घे."

तर ऐका, तो माळ कसा आहे ते.

मार्गशीर्षाचं कलतं, केशरकांती ऊन. फुटलेल्या कापसाची धवल, मेघमृदू शेतं. मधोमध नांगरानं उलथलेली, रक्तगर्भ, आदिम माती. आणि त्या मातीवर ओणवी विशाखा उईके, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची तुमची विद्यार्थिनी. गुडघे लाल, ओठ कोरडे. दिवस हातातून निसटत चाललेला.

गोटा उचलते, टाकते. उचलते, टाकते.

मग एक हाती आला. तपकिरी, स्निग्ध, वळीदार. तिनं तो जिभेला लावला. अश्म झालेलं हाड सच्छिद्र असतं, जिभेला धरून बसतं. जीवाश्म शोधणाऱ्यांची ही जुनी परीक्षा. गोटा धरून बसला!

"अव फरहाना! चिकटला! हाड हाय व हे!"

वर्गमैत्रीण कापसातून धावत आली. भिंग लावलं, न्याहाळलं, आणि हसत हसत मातीतच बसली.

"हाड कुठलं, बाप्पा! शेण हाय. डायनासोरचं शेण चाटलं तुनं, पोट्टे!"

विशाखा थुंकली. थुंकली आणि हसली, हसली आणि पुन्हा थुंकली.

"चव कशी हाय?"

"तुह्या डब्यातल्या वांग्यापेक्षा बरी!"

हसू माळभर सांडलं. कापसाच्या बोंडांतून, तुरीच्या पिवळ्या फुलांतून, खळाळत, उधळत, पार क्षितिजापर्यंत. त्याच हसण्यात तिनं हातोडी उचलली आणि गोटा फोडला.

आत पान होतं.

पानाचा एवढासा तुकडा. काजळरेखेसारख्या शिरा, शिरांना फुटलेल्या उपशिरा. कोट्यवधी वर्षांपूर्वीची एक हिरवी सकाळ. कुण्या महाकाय, मंदगती प्राण्यानं निवांत चावलेली, गिळलेली, आणि इथंच, या मातीत, ठेवून दिलेली.

मग विशाखानं त्या पानावर हलकेच फुंकर घातली, आणि नाचलीच पोरगी! मातीनं माखलेले बूट, विस्कटलेली वेणी, तळहातावर ते काळंभोर पान.

जीवाश्म मागितलात ना? शेणही जीवाश्मच असतं, तुम्हीच शिकवलंत.

ऊन मावळतंय. तिचं हसू मावळत नाही. तोच तळहात पुढे करून ती उद्या तुमच्या दारात उभी राहील. तेव्हा मान वर करा आणि बोला: जिथं कुणी पोटभर जेवून गेलं, ती माती वांझ कशी?