बसून करायचं काम

"प्रणित, बसलाच हायस तर सिलिंडर घेऊन ये खालून," आई म्हणाली.

प्रणितने पेन खाली ठेवलं. गव्हाणच्या या घरात सकाळपासून हेच चाललं होतं. आधी पाण्याची मोटर, मग काकीचा मोबाइल, मग दारातला पाववाला. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाचं काम लांबून कामासारखं दिसत नाही, हे त्यालाही मान्य होतं. ना प्रयोगशाळा, ना यंत्र. एक माणूस कागदांपुढे बसून भिंतीकडे बघतो. पण म्हणून त्याला घडीघडी उठवायचं, म्हणजे हद्द झाली.

वय अडतीस, आजवरच्या सगळ्या नोकऱ्या दोन-दोन वर्षांच्या, दर वेळी नवं शहर. आता सोमवारी पुण्यात कायमच्या जागेसाठी मुलाखत होती. तिथे गेली तीन वर्षं रेटलेलं गणित मांडायचं होतं. आताची नोकरी मार्चमध्ये संपत होती; ती जागा हुकली की घरीच.

सिलिंडर ठेवतो न ठेवतो तोच चुलतभाऊ कुंदन आला. उलव्यात त्याच्या दोन इमारती उभ्या राहत होत्या.

"भाई, साइटवर घरचा माणूस पायजे. हितं बसतोस, ते तिथं बस. पगार देतो ना."

"मला काम आहे, कुंदन."

"कसला काम?"

प्रणितने कागद गोळा केले. 'विश्वाच्या सुरुवातीला...' एवढं म्हटलं की समोरचा मोबाइल काढतो, हे तो अनुभवाने शिकला होता.

"घेऊन जा त्याला," ओटीवरून वडील, जगन, म्हणाले. "रिकामाच हाय तो."

प्रणितच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने खोलीचं दार लावून घेतलं. कुंदन संध्याकाळी येतो असं सांगून निघून गेला.

आता फक्त एकदा सगळं तपासायचं राहिलं होतं. दुपारी एका ओळीवर त्याची नजर अडली. कंस सोडवताना एक उणे चिन्ह सुटलं होतं, त्याच्याच हातून. त्याने ते घातलं, आणि पुढची पदं एकमेकांना खात गेली. शेवटी शून्य उरलं. त्याने पुन्हा मांडलं. पुन्हा शून्य. आता चिडायचं तरी कुणावर.

जगन चहा घेऊन आले. "झाला काय?"

"चुकलं, बाबा. तीन वर्षांचं सगळं गेलं. सोमवारी सांगायला काही नाही."

जगन कॉटच्या कडेला टेकले. तरुणपणी ते मिठागरात राबले होते. अवेळी आलेल्या पावसात अख्ख्या हंगामाचं मीठ विरघळताना त्यांनी पाहिलं होतं. ते चहा ठेवून बाहेर गेले आणि दार हळूच ओढून घेतलं.

प्रणितने पेनाला टोपण लावलं. चहा निवत होता. तो भिंतीकडे बघत बसला, आणि या वेळी खरोखरच काही करत नव्हता.

बाहेर कुंदनची गाडी लागली.

"काका, भाईला बोलवा. निघू."

"आज नाय," जगन म्हणाले. "आवाज कमी कर जरा. पोराचा काम चाललाय आत."