तिसरी विजेरी

"लागली का तुमची? नाही ना? ठाऊकच होतं मला," दंतवैद्य आपली विजेरी पायाशी लावून अंधारातच म्हणाले. "तुमच्या बॅटरीचे सेल आमच्या बॅटरीत आहेत, ग्रंथपाल. आमची पेटल्याशिवाय तुमची पेटायची नाही."

पलीकडे वकीलबाई हसल्या आणि त्यांनी आपली विजेरी लावली. फरशीवर दुसरे पिवळे वर्तुळ पडले. मग निवृत्त ग्रंथपालांनी उगाच घसा खाकरून तिसरे पाडले. वरच्या खोलीतून ऑपरेटरने तीन वर्तुळे पाहिली, आणि पडद्यावर भाषण ठोकणारा पुढारी उघड्या तोंडानिशी नाहीसा झाला.

निवडीची ही पद्धत चित्रपट मंडळाच्या संस्थापकांनी घालून दिली होती. ते गेले, पद्धत राहिली. पूर्वी प्रत्येक चित्रपटानंतर वाद होत, माणसे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होत. म्हणून त्यांनी ठरवले, बोलायचेच नाही. ज्याला चित्रपट नको असेल त्याने विजेरी लावून पायाशी धरायची. तिन्ही लागल्या की चित्रपट बंद आणि बाद. एक जरी विझलेली राहिली तर तो शेवटपर्यंत चालणार, आणि शेवटपर्यंत चालला तो महोत्सवात लागणार. कारणे कोणी विचारायची नाहीत.

ग्रंथपालांना हे मानवले होते. स्वतःच्या मताची त्यांना कधी खात्रीच नसे. वाचनालयात कोणी विचारले, "यातलं कुठलं नेऊ?" तर ते म्हणत, "हे बरं आहे, पण तेही वाचण्यासारखं आहे," आणि माणूस वैतागून रिकाम्या हाताने जाई. इथे उजवीकडे दंतवैद्य होते, डावीकडे वकीलबाई. दोघांची वर्तुळे पडली की आपले पाडायचे. एकाचेच पडले तर गप्प बसायचे. इतक्या वर्षांत ते एकटे असे कधी पडले नव्हते.

चहाच्या वेळी दंतवैद्यांनी दार लोटून घेतले.

"काल पालिकेचे साहेब आले होते दाढ दाखवायला. तोंडात माझा आरसा, तरी बोलायचे थांबेनात. चूळ भरली आणि म्हणाले, 'यंदा राजकीय चित्रपट ठेवताय म्हणे. ठेवा. पण जरा लांबचं राजकारण ठेवा. सभागृह आमचं आहे.'"

"लांबचं म्हणजे?" वकीलबाईंनी विचारले.

"म्हणजे दुसऱ्या देशातला हुकूमशहा असला तर चालेल. जितका लांब, तितका क्रूर असला तरी हरकत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, आ करा."

तिघेही हसले. मग दंतवैद्यांनी भुवईने वर, ऑपरेटरच्या खोलीकडे खूण केली. "आणि हा बाबा पालिकेच्या पगारावर आहे, एवढं लक्षात असू द्या. कोणाची लागली, कोणाची नाही, सगळं वरून दिसतं त्याला."

ग्रंथपालांनी कप खाली ठेवला. यानंतरचा चित्रपट लांबचा नव्हता. तो याच शहरातला होता, आणि त्यात त्यांची ताई होती.

ताईचा मुलगा सूतगिरणीतल्या कामगार संघटनेच्या कचेरीत टंकलेखक होता. संप चिघळला त्या दिवसांत एका दुपारी गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. "दोन प्रश्न विचारायचे आहेत," एवढेच म्हणाले होते. तो परत आला नाही. कुठल्याच दप्तरात त्याला नेल्याची नोंद नव्हती. त्यानंतर ताई शर्टांना काजे करून एकटीच राहत होती. मध्यंतरी एक तरुण दिग्दर्शिका कॅमेरा घेऊन तिच्या स्वयंपाकघरात काही दिवस राहून गेली होती.

त्याच दिवशी सकाळी ग्रंथपाल तिच्याकडे गेले होते तेव्हाही ती खिडकीशी काजे करत होती.

"आज माझं बघणार ना रे तुम्ही?"

"हो. दुपारी."

"त्या पोरीनं मला तोंडसुद्धा धुऊ दिलं नाही बघ. म्हणाली, आहे तश्शाच बसा. कशी ध्यान दिसत असेन!" तिने दोरा दाताने तोडला. "दिसू दे म्हणा. दिसले म्हणजे झालं."

"ताई, महोत्सवाच्या दिवशी तुला एवढ्या गर्दीत बसवेल का?"

"मला? मला काय झालंय? त्यांना बसवेल का ते विचार. मला बघून रस्ता ओलांडतात, माहितेय ना तुला? तो किराणावाला, ती शाळेतली बाई. वाईट नाहीत रे. त्यांना उजेडात माझ्याकडे बघवत नाही. म्हटलं, एकदा अंधारात बसून नीट बघू देत." तिने शर्ट झटकला. "तेवढं कर बाबा माझ्यासाठी. तुला काय करायचं असतं म्हणालास? काहीच नाही ना? नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं," ग्रंथपाल म्हणाले होते.

चहा झाला, दिवे मालवले. पडद्यावर गिरणीचे बंद फाटक आले, मग रस्ता, मग भिंतीवर अर्धवट पुसलेल्या घोषणा. कोणी निवेदन करत नव्हते. ग्रंथपाल विजेरी दोन्ही हातांत धरून बसले. आज ती लावायचीच नाही, असे त्यांनी जिन्यातच ठरवले होते.

उजवीकडे खट् झाले. दंतवैद्यांचे वर्तुळ पडले. त्यांचे काय, ते साहेबांची दाढ बघतात, ग्रंथपालांनी मनात म्हटले. वकीलबाई आहेत.

पडद्यावर जिना आला. ताईचाच जिना. कठड्याचा तुटलेला गज त्यांनी ओळखला. मग डावीकडे खट् झाले.

ग्रंथपालांनी वळून पाहिले. वकीलबाई सरळ पडद्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चपलांशी पिवळा उजेड होता.

यंदा राजकीय चित्रपटच ठेवायचे म्हणून ज्या बाई भांडल्या, त्याच नको म्हणतात. म्हणजे चित्रपटात काही उणे असणार. आपल्याला दिसत नाही, कारण आपली बहीण आहे. आपण पक्षपात करतो आहोत. आणि सभागृह गेले तर मंडळ गेले. ते आपल्या एका हट्टापायी जावे? आपण कोण मोठे लागून गेलो? पडद्यावर दोन हात आले. बोटांना जाड घट्टे पडलेले. सुई कापडात शिरत होती, निघत होती. कॅमेरा हळूहळू वर सरकू लागला. मनगट, कोपर, खांदा. आता चेहरा येईल, आणि एकदा चेहरा आला की आपल्याला काही ठरवता येणार नाही, या धास्तीने ग्रंथपालांनी अंगठा दाबला.

पडदा पांढरा झाला.

मग वकीलबाई अगदी हळू म्हणाल्या, "हे काय केलंत?"

"तुमची... तुमची लागली होती."

"माझी लागणारच! माझे दोन अशील आत आहेत. उद्या त्यांचा जामीन अडवला असता या लोकांनी. मी लावली कारण तुमची लागणार नाही हे मला ठाऊक होतं. सख्खी बहीण आहे तुमची!"

"मीही तेवढ्यासाठीच लावली," दंतवैद्य म्हणाले. या वेळी त्यांना विनोद सुचला नाही. "साहेबांना तोंड दाखवायला. म्हटलं, ग्रंथपालांना कोण काय म्हणणार? आईच्या जागी आहे ती त्यांना. तुम्ही नुसतं बसला असतात तरी..."

वरून खिडकी उघडली. ऑपरेटरने डोके बाहेर काढले. "चुकून लागली का हो कोणाची? परत लावू का?"

तिघांनीही ते ऐकले. 'हो' म्हणायला एकच अक्षर पुरे होते. पण ते मोठ्याने म्हणावे लागणार होते, पांढऱ्या पडद्याच्या उजेडात, आणि कोणीतरी आधी म्हणावे लागणार होते. ग्रंथपालांनी दंतवैद्यांकडे पाहिले. दंतवैद्यांनी वकीलबाईंकडे पाहिले. वकीलबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

"पुढची फिल्म लाव," दंतवैद्य म्हणाले.

संध्याकाळी ग्रंथपाल ताईकडे गेले. तिने स्टूल पुढे सरकवले. ते बसले नाहीत.

"तुझी फिल्म घेतली नाही, ताई."

तिची सुई थांबली. "कोणी नको म्हटलं?"

"तिघांनी."

"तू?"

"तिघांनी," ग्रंथपाल पुन्हा म्हणाले.

ताईने सुई कापडात टोचून ठेवली, चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. "माझं तोंड आलं होतं का रे? का त्याच्या आधीच?"

"आधीच."

"बरं," ती म्हणाली. मग सुई पुन्हा उचलत म्हणाली, "जेवून जातोस?"

महोत्सवाला ताई आली. ठेवणीतले कपडे घालून, केस चापून विंचरून, पहिल्या रांगेत मधोमध बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. सभागृह भरले तरी तेवढ्या राहिल्या. किराणावाला होता, शाळेतल्या बाई होत्या, दाढ बसवून साहेबही आले होते. निवड समिती नेहमीप्रमाणे मागे बाजूला बसली. ग्रंथपालांच्या खिशात विजेरी होती. अंधारात उशिरा येणाऱ्यांना वाट दाखवायचे कामही त्यांच्याचकडे असे.

चित्रपट लांबचा होता. समुद्रापलीकडचा हुकूमशहा, त्याचे सैनिक, रात्रीतून नाहीशी झालेली मुले. आणि मग एका चौकात गळ्यात फोटो अडकवून उभ्या राहिलेल्या आया, रांगेने, न बोलता. कॅमेरा एकेकीच्या चेहऱ्यापाशी थांबत होता. सभागृहात नाके ओढल्याचे आवाज येऊ लागले. शाळेतल्या बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. साहेबांनीही चष्मा काढला.

तेव्हा पहिल्या रांगेत ताई उठली. लोकांना वाटले, निघाली. पण ती निघाली नाही. ती वळली आणि पडद्याकडे पाठ करून लोकांसमोर उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना सोडलेले होते. मागून पडद्याचा उजेड येत होता, त्यामुळे तिचा नुसता काळा आकार दिसत होता. चेहरा कोणालाच दिसत नव्हता.

"बसा हो, मावशी," कोणीतरी म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. विनवणीचा होता.

ती उभीच राहिली.

ग्रंथपालांचा हात खिशात गेला. विजेरी हाताला लागली, अंगठा आपोआप बटणावर बसला. एवढ्या अंतरावरून तिच्या चेहऱ्यावर उजेड नेमका पडला असता. त्यांनी विजेरी खिशातून अर्धी बाहेर काढली. मग सवयीने उजवीकडे पाहिले, आणि मग डावीकडे.