उष्टं कमळ

मी हत्ती बोलतोय. दगडाचा असलो म्हणून काय झालं, अनुराधपुराच्या या खडकातल्या विहारात माझ्याइतका देखणा दुसरा कुणी नाही. पाथरवटाने मला असं कोरलंय, की मी तळ्यात उतरून अंघोळ करतोय असं वाटावं. ती अंघोळ अजून चालूच आहे.

तरी लोक वर धावतात ते प्रेमी युगुलाचं शिल्प बघायला. ते दोघं एकमेकांत दंग, आल्यागेल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण गर्दी तिकडेच! मी मनाला लावून घेत नाही. दमले की सगळे माझ्याच तळ्याच्या काठावर येऊन टेकतात आणि मनातलं बोलतात.

गेल्या पौर्णिमेला मल्लिका अम्मा आपल्या लेकीला, निलूकाला, स्थळ दाखवायला घेऊन आल्या. मुलाचं नाव लहिरू. पांढरा सदरा, हातात कमळाच्या कळ्या. तो पाय धुवायला गेला तशी निलूका म्हणाली, "अम्मा, मला हा आवडलाय. याला तरी नाही म्हणू नकोस."

"आधीच्याला टक्कल आहे म्हणून तूच नाही म्हणालीस ना? याचं वागणं बघू दे. विहारात माणूस कळतो."

लहिरू माझ्याशेजारी बसून कळ्यांच्या पाकळ्या दुमडू लागला. हात सराईत होता. एकेक कळी फुलत गेली, तसा अम्मांचा चेहराही निवळला. आणि शेवटचं कमळ या पठ्ठ्याने नाकाशी नेलं, डोळे मिटून मस्त वास घेतला!

माझ्या दगडी छातीत धस्स झालं. बुद्धांना वाहायचं फूल, आणि आधी आपण हुंगायचं?

"अरे, उष्टं केलंस की!" अम्मा कडाडल्या.

"चुकलो, अम्मा. रोज तळ्यातून कमळं काढतो, सवयीने झालं."

"सवय! उद्या भिक्खूंच्या दानाचा भातही आधी चाखशील. निलूका, ऊठ. घरी चल."

लहिरूची मान खाली गेली. निलूका मात्र उठली नाही. तिने ते कमळ त्याच्या हातातून घेतलं आणि आईच्या देखत पोटभर वास घेतला.

"अगं, हे काय!"

"आता मीही उष्टं केलं, अम्मा. काय रागवायचं ते दोघांवर रागव आणि मग बाकीची फुलं वाहायला चल."

 ओठांतलं हसू दाबत अम्मांनी उरलेली कमळं उचलली. "फुलं यापुढे मीच धरणार. तुम्हा दोघांचा काही भरवसा नाही."

ऐकलंत? दोघांचा! मी तर तिथेच लग्न ठरलं असं समजलो.

वर जाताना निलूकाने ते उष्टं कमळ माझ्या सोंडेवर ठेवलं. "तुला चालेल ना रे?"

न चालायला काय झालं! आजवर किती फुलं माझ्यासमोरून वर गेली. माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलंच. मला फार आनंद झाला.

तुम्हीही या. वर जा, वंदना करा, त्या दगडी जोडप्यालाही बघून घ्या. पण उतरताना क्षणभर माझ्यापाशी थांबा. माझ्याकडे उष्टं चालतं.